तळ सांगेल ते खरं

४ मार्च

घारीनं यंदा वाट लावली.

घार म्हणजे आमचा वैमानिक. दोन माणसांचं विमान, त्याच्या पोटाला कॅमेरा आणि याच्या डोक्यात वारा. वर्षातून एकदा, ओहोटी पार तळाला गेलेली असताना, सकाळच्या कलत्या उन्हात खाडीवरून नांगरल्यासारख्या सरळ रेघांत उडायचं आणि फोटो घेऊन यायचं, एवढंच काम. पुढचं सगळं माझं. फोटो जोडायचे, पाण्याखालचं समुद्री गवत जिथे काळपट दिसतं तिथे कडेकडेनं रेघ ओढायची आणि सांगायचं, यंदा गवत किती वाढलं, किती गेलं. सतरा वर्षं मी या खाडीकडे वरून बघतेय. कुठे काय आहे ते मला झोपेतही सांगता येईल.

आणि हा गडी काय घेऊन आला? उत्तरेच्या काठाला, जिथे कायम गालिच्यासारखं दाट गवत, तिथे फोटो फिकट. दक्षिणेला, जिथे नुसती वाळू, तिथे काळे डाग. जणू कोणी खाडी उचलून उलटी ठेवली.

यंदा चूक परवडणारी नाही. बंदरवाल्यांना मोठ्या बोटींसाठी नवा मार्ग खणायचाय. एक उत्तरेकडून काढता येतो, एक दक्षिणेकडून. जिथे गवत नाही तिथे खणणार. दहा एप्रिलला सुनावणी, आणि तिथे माझा नकाशा पुढे ठेवणार. एकदा खणलं की ते गवत पुन्हा यायला माझं आयुष्य पुरणार नाही. त्याच गवतात माशांची पिल्लं वाढतात, त्याच गवतानं काठ धरून ठेवलाय.

आणि मी काय दाखवू? घारीची उलटी खाडी?

७ मार्च

कचेरीत नवीन पाणबुड्या आलाय. चांगला तिशीचा, आडवा-उभा बाप्या. आज पहिल्या बुडीला बोटीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, पाणी गढूळ आहे, मी उतरणार नाही. बदली मागून मोकळा झाला.

रात्री जेवताना मी त्याची नक्कल केली. दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून, पाय थरथरवत: "साहेब, खाली काय असेल काय माहीत हो! मला माझ्या आईकडे जाऊ द्या!" सासूबाई हसता हसता खोकल्या. पाण्याला भिणाऱ्यानं पाणबुड्या कशाला व्हावं? शिंप्यानं सुईला भ्यावं तसं.

नवरा उठला आणि नळ ठिबकतोय का बघायला गेला. नळ ठिबकत नव्हता.

आता तळाची तपासणी नवऱ्यालाच, म्हणजे कचेरीतल्या जुन्या पाणबुड्याला, एकट्याला करायला लागणार. फोटोवर मी ठिकाणं ठरवून द्यायची, त्यानं तिथे बुडी मारून बघायचं: गवत, विरळ गवत की वाळू. बोट मामांची, त्याच्या कमरेची दोरी मामांच्या हातात. मामा म्हणजे कोणाचेच सख्खे मामा नाहीत, सगळ्या धक्क्याचे आहेत. चला, निदान आमच्या घरातला माणूस गढूळ पाण्याला भीत नाही.

११ मार्च

नवऱ्यानं चार दिवसांत सगळी ठिकाणं उरकली. उत्तरेला दाट गवत. दक्षिणेला वाळू. जसं होतं तसंच. म्हणजे मी म्हणत होते तेच, फोटोच चुकले. आमच्याकडे पहिल्यापासून एकच नियम: फोटो आणि तळ यांचं पटलं नाही, तर तळ सांगेल ते खरं.

घारीला फोन केला.

"तुझा कॅमेरा फुटलाय की डोळे?"

"बाई, मी वरून पाहिलं तेच कॅमेऱ्यानं पाहिलं. दक्षिणेला काळं आहे. काळंकुट्ट."

"खाली माणूस जाऊन आलाय. वाळू आहे म्हणतोय."

"मग माणसाला विचारा."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी आपला हवेतला माणूस."

फोन आपटला. वरून उडणाऱ्यांना वाटतं, आपल्याला सगळं दिसतं. सगळं दिसत असतं तर खाली माणूस कशाला पाठवला असता?

एक बरं झालंय. पूर्वी नवरा बुडी मारून आला की बाथरूममध्ये खारं तळं साचायचं, पोशाख दांडीवर रात्रभर टपटप ठिबकायचा. त्यावर मी सतरा वर्षं कटकट केली. यंदा एक थेंब नाही. बोटीवरच वाळवून आणतो म्हणे. म्हटलं, सुधारला बाई एकदाचा.

१५ मार्च

साहेबांनी बोलावून घेतलं. साहेबांचं टेबल इतकं स्वच्छ असतं की हा माणूस काम कुठे करतो असा प्रश्न पडतो.

"नकाशा झाला का?"

"फोटो चुकलेत. घारीला परत उडवा."

"परत? का?"

"तळाशी जुळत नाहीत."

"मग तळ धरा ना! नियम आहे. दक्षिणेला वाळू, विषय संपला. बंदरवाल्यांना दक्षिणच सोयीची आहे."

'सोयीची' हा शब्द ऐकला आणि माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, चुकीच्या फोटोंखाली मी सही करणार नाही. साहेब म्हणाले, तुम्ही फार तापता. तापते! सतरा वर्षं थंड राहून काय मिळालं? खिडकीपाशी खुर्ची, तीही पाय डगमगणारी.

शेवटी परत उडायचं ठरलं. पुढची मोठी ओहोटी अठराला आहे.

१९ मार्च

काल मी स्वतः धावपट्टीवर जाऊन उभी राहिले. वारा नाही, ढग नाही, पाण्यावर उन्हाची चकाकी नाही. घारीला म्हटलं, याहून बरा दिवस तुला स्वर्गातही मिळणार नाही. तो म्हणाला, "स्वर्गात मला कोण घेतंय? तिथेही तुम्ही तपासायला बसाल."

फोटो आले. तेच. उत्तर फिकट, दक्षिण काळी.

कोणावर रागावायचं तेच कळेना. कॅमेरा दुसरा होता, दिवस दुसरा होता, माणूस तेवढा तोच. मग एकाएकी सुचलं. दक्षिणेचे डाग म्हणजे मेलेल्या पात्यांचे ढीग असणार! उत्तरेची पाती तुटतात, वाहून दक्षिणेला जातात, तळाशी साचतात. वरून बघितलं तर मेलं काय नि जिवंत काय, सारखंच काळं. नवऱ्यानं पात्यांखाली हात घातला असेल, लागली असेल वाळू.

घरी येऊन त्याला सांगितलं. "असेल," म्हणाला.

"असेल काय? तू पाहिलंस ना?"

"तू म्हणशील तसं."

या 'तू म्हणशील तसं'चा मला मनस्वी संताप येतो. गेल्या थंडीच्या आधी तो उत्तरेला, बोटींना वाट दाखवणाऱ्या तरंग्याची साखळी दुरुस्त करायला उतरला होता, तेव्हा म्हणे खाली जरा वेळ लागला, कानात पाणी गेलं. तेव्हापासून घरात हेच एक वाक्य. भाजी काय करू? तू म्हणशील तसं. खोलीला रंग कुठला देऊ? तू म्हणशील तसं. मी भिंतीशी लग्न केलं असतं तर भिंतीनं निदान आवाज तरी परत दिला असता.

२० मार्च

ढिगांची गोष्ट टिकली नाही.

वाहून आलेली पाती एका जागी राहत नाहीत, भरती-ओहोटीबरोबर सरकतात. आज मी पहिल्या उड्डाणाचे फोटो दुसऱ्यावर ठेवून पाहिले. मधे पंधरा दिवस गेलेत. दक्षिणेचे डाग बोटभरही सरकलेले नाहीत. उलट कडेला बारीक ठिपके वाढलेत, चांगल्या जागी धरलेलं गवत हात-पाय पसरतं तसे. मुळं असलेलीच गोष्ट अशी वाढते.

मी बराच वेळ त्या कडेकडे बघत बसले. खरं सांगायचं तर सुंदर होती.

संध्याकाळी फोटो घरी आणला. नवऱ्यानं तो दिव्याखाली धरला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं आता हा बोलणार.

"हे दक्षिणेचं?"

"हो."

"इथे तर..."

"काय?"

"काही नाही. दगड असतील."

"दगड एका वर्षात उगवतात?"

त्यानं फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. उलटा!

सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांचं आपलं वेगळंच. म्हणाल्या, "पाण्यातनं आलेल्या माणसाला भूक असते. पूर्वी हा बुडी मारून आला की पातेलं पुसून खायचा. यंदा अर्ध्या ताटावर उठतो."

आता माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची ही वेळ आहे का? मी म्हटलं, "आई, उद्यापासून तुम्ही करा." त्या म्हणाल्या, "अगं, मी भाजीबद्दल बोलत नाहीये." मग कशाबद्दल बोलत होत्या, देव जाणे. मी ताटं उचलून आत गेले.

२६ मार्च

आज उलगडलं.

फोटो खरे आहेत, हे मी आता मानते. नवरा खोटं सांगणार नाही, हे तर आहेच. मग दोन्ही खरं असून जुळत कसं नाही? एकच वाट उरते: तो उतरला ती जागाच वेगळी. बोट चुकीच्या ठिकाणी उभी केली. बोट कोण उभी करतं? मामा!

तडक धक्क्यावर गेले. मामा बोट काठावर ओढून तिच्या बुडाला रंग देत होते.

"मामा, जागा नीट लावता ना?"

"लावतो की."

"मग उत्तरेला गवत नि दक्षिणेला वाळू कशी निघते? फोटोत बरोबर उलटं आहे. भलतीकडेच नेलंत तुम्ही त्याला!"

मामांनी ब्रश डब्यात ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"चुकलं असेल, पोरी. जागा दाखवणारं यंत्र जुनं झालंय."

"असेल म्हणजे? चुकलं की नाही?"

"चुकलं. घाल माझ्यावर."

इतक्या सहज! जराही वाद नाही. तीस वर्षं खाडीत काढलेला माणूस, 'घाल माझ्यावर' म्हणतो, जसं काही गोणी उचलायचीय. त्या सहजपणाचा मला जास्त राग आला. खाडीचं वाटोळं होणार आणि याला त्याचं काहीच नाही. साहेबांना जाऊन सांगितलं. दुपारपर्यंत मामांना बोटीवरून काढलं होतं.

झालं ते बरोबर झालं. तरी जेवण गेलं नाही.

२७ मार्च

नवऱ्याला कचेरीत कळलं. घरी आला तो चपला न काढताच स्वयंपाकघरात.

"मामांना परत घ्यायला सांग."

"का? त्यांनी कबूल केलंय."

"जागा बरोबर होत्या."

"तुला कसं कळणार? तू तर पाण्याखाली."

तो हसला. असं हसणं मी त्याचं कधी ऐकलं नव्हतं, खोकल्यासारखं. मग म्हणाला, "हो, मी पाण्याखाली," आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

मी आतून ओरडले की माझ्या कामाची एवढी टिंगल वाटत असेल तर तसं स्पष्ट सांग. ठीक आहे. आता मीच जाते बोटीवर. माझ्या डोळ्यांदेखत बोट लावायची, माझ्या डोळ्यांदेखत बुडी मारायची. बघू कोण चुकतंय.

२९ मार्च

गेले होते.

बोट कचेरीतल्या दुसऱ्या माणसानं चालवली. मी फोटो मांडीवर घेऊन बसले होते, यंत्रातली जागा स्वतः तपासली. दक्षिणेच्या काळ्या डागाच्या मधोमध. पाणी ताटासारखं सपाट. बोटीवरून पाण्यात नुसतं आभाळ दिसतं, म्हणून तर वरून बघावं लागतं किंवा खालून.

नवऱ्यानं पोशाख चढवला. कमरेला दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. कडेवर बसला. मुखवटा डोळ्यांपर्यंत नेला, खाली घेतला. थुंकी लावून काच पुसली. परत नेला, परत खाली घेतला.

"चल ना रे, ऊन चढतंय."

त्यानं बोटीची कड धरली होती. दोन्ही हातांनी. बोटांची पेरं पांढरी झाली होती. पाठीवरून घाम ओघळत होता आणि अजून तर आम्ही काही केलंच नव्हतं. मला वाटलं त्याला बरं नाही. मी हात पुढे केला.

"इथे वाळू आहे," तो म्हणाला.

बोटीच्या कडेवर बसून. कोरडा.

मी बोट चालवणाऱ्याकडे पाहिलं, तो दुसरीकडे बघत होता. कोरडी दांडी. अर्धं ताट. 'मी आपला हवेतला माणूस'. 'घाल माझ्यावर'. सगळ्यांना माहीत होतं. मी सोडून सगळ्या धक्क्याला.

मी म्हटलं, "परत चला."

३० मार्च

एक ठिकाणही पाहिलेलं नाही. एकही नाही! गेल्या वर्षीची खाडी आठवून आठवून सांगत होता, आणि मी त्यापायी जिवंत गवताला कचरा म्हटलं. त्याच्या शब्दावर माझी सही पडली असती आणि दक्षिणेला खणायला सुरुवात झाली असती. एका म्हाताऱ्या माणसाचं काम मी स्वतः जाऊन काढून घेतलं.

मला हे घर फोडून टाकावंसं वाटतंय. कपबशीपासून सुरुवात करून.

३१ मार्च

सासूबाई शेजारी जाऊन बसल्या. मुद्दाम. जाताना मला म्हणाल्या, "आवाज खाली ठेव, पण बोल."

मी आवाज खाली ठेवला नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

"साखळीच्या कामापासून."

"मामांना माहीत होतं?"

"दोरी त्यांच्याच हातात असते. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, उद्या उतरतो. मग रोज उद्या."

"आणि मला? मला सांगायला काय झालं होतं? मी कोण आहे तुझी? गावातली कोणी?"

तो दाराकडे बघत होता. दाराच्या चौकटीकडे.

"तू नक्कल फार छान करतेस," म्हणाला.

काय उत्तर देणार होते मी यावर? पण दिलं. माणसाला उत्तर सापडलं नाही की तो मोठ्यानं उत्तर देतो. म्हटलं, म्हणजे चूक माझी! खाडी मी विकायला काढली! त्यानंतर मी जे बोलले ते इथे उतरवत नाही, कारण उद्या वाचलं तर मलाच लाज वाटेल. तो ऐकत राहिला. तू म्हणशील तसं, असं मात्र म्हणाला नाही.

शेवटी मी म्हटलं की ही सगळी ठिकाणं बाद करते, कारण लिहिते पाणी गढूळ होतं. कोणाला काही कळणार नाही.

"नको," तो म्हणाला. "मामांचं नाव काढ. माझं घाल. मी उद्या साहेबांना सांगतो."

१ एप्रिल

त्यानं सांगितलं. मी बाहेर उभी होते. दार लावलेलं, आवाज काही आला नाही. बाहेर आला तेव्हा चेहरा आजारातून उठल्यासारखा. पुढे काय ते साहेब वर विचारून ठरवणार. मामांना परत घेतलं.

मग साहेबांनी मला आत बोलावलं. दुसरा पाणबुड्या सुनावणीच्या आत मिळणं शक्य नाही. नुसते फोटो पुढे ठेवले तर बंदरवाल्यांचा वकील चिंध्या करेल. तारीख पुढे ढकलता येणार नाही. "काय करायचं ते तुम्हीच सांगा," म्हणाले. इतकी वर्षं हे वाक्य ऐकायचं होतं, ते आज ऐकवलं.

घारीला कळवलं: फोटो बरोबर होते. त्याचं उत्तर: "लिहून द्या, बैठकीच्या खोलीत लावतो." मेला.

२ एप्रिल

मोठी ओहोटी. दक्षिणेच्या गवताची काठाकडची बाजू अशा वेळी छातीएवढ्या पाण्यात येते. तिथे बुडी मारायला नको, चालत जाता येतं. म्हणून मीच गेले. मला पोहता येत नाही. खाडीवर सतरा वर्षं काम करणाऱ्या बाईला पोहता येत नाही, हे कचेरीत कोणाला माहीत नाही. कधी गरजच पडली नाही. मी वरून बघणारी.

मामांनी बोट आणली. त्यांची माफी मागितली. म्हणाले, "माफी नंतर, आधी नांगर उचला. पाणी कोणासाठी थांबत नाही." माझ्याकडे बघतही नव्हते. तेवढं त्यांनी करायलाच हवं होतं.

नवरा माझ्यासोबत पाण्यात उतरला. छातीपर्यंत त्याला काही होत नाही. डोकं खाली न्यायचं म्हटलं की होतं.

पायाला लागलं ते आधी वाळूच वाटलं, मग पोटऱ्यांना काहीतरी गुंडाळू लागलं, गार, मऊ, शेकडो फितींसारखं. मी किंचाळले. मामा बोटीवरून म्हणाले, "तेच आहे, बाई. ज्याच्यासाठी आलात तेच."

पण पायाला लागलेलं चालत नाही. डोळ्यांनी बघावं लागतं, जिवंत आहे की मेलेलं, दाट की विरळ. मुखवटा लावला, तोंड पाण्यात घातलं, आणि लगेच बाहेर. नाकातोंडात पाणी नव्हतं गेलं. काहीच झालं नव्हतं. पण कान बंद झाले, माझाच श्वास मला कोणा दुसऱ्याचा ऐकू आला, आणि छातीवर कोणी बसलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी नवऱ्याच्या दंडात नखं रोवली.

तो हसला नाही. घाई केली नाही. म्हणाला, "तू श्वास घेत बसतेस, सोडत नाहीस. आधी सोड. सगळा सोड. मग घे."

"तुला सांगायला काय जातंय!"

"मला माहीत आहे तेवढं सांगतोय."

मी सोडला. घेतला. तोंड पाण्यात घातलं.

हिरवं होतं. एवढं हिरवं मी कधी फोटोत पाहिलं नाही, फोटोत ते नेहमी काळंच येतं. सगळी पाती एका बाजूला झुकलेली आणि मधून नखाएवढे मासे, घाबरून पळणारे. मला ओरडून सांगायचं होतं, पण पाण्याखाली ओरडता येत नाही.

नऊ ठिकाणं झाली. प्रत्येक ठिकाणी भीती वाटली. नवव्या ठिकाणीही पहिल्याइतकीच. मला वाटलं होतं सवय होईल.

पुढे पाणी खोल होतं. तिथली ठिकाणं मी कोरी ठेवली.

१० एप्रिल

सुनावणी झाली. लांबलचक खोली, पंखे आवाज करणारे, मागच्या रांगांत धक्क्यावरची माणसं. नवरा मामांशेजारी बसला होता.

मी मोठा नकाशा लावला. उत्तरेचं गवत बहुतेक गेलंय, कारण मला माहीत नाही. दक्षिणेला नवं आलंय आणि वाढतंय. आधी केलेली तळाची तपासणी बाद धरली आहे. का, तेही लिहिलं आहे. वाचून दाखवताना नवऱ्याचं नाव आलं, तेही वाचलं.

बंदरवाल्यांचा वकील उठला. गोड आवाजाचा माणूस. असल्यांना जपून राहावं.

"तुमच्या पाणबुड्यानं पाण्यात न उतरता तळ सांगितला, बरोबर?"

"बरोबर."

"कारण त्याला भीती वाटत होती?"

मागे खुर्च्या करकरल्या. कोणीतरी हसलं.

"हो."

"आणि मग या नऊ ठिकाणी कोण उतरलं?"

"मी."

"तुम्ही पाणबुड्या आहात?"

"नाही."

"तरबेज पोहणाऱ्या?"

"मला पोहता येत नाही. मला पाण्याची भीती वाटते."

आता उघड हसले. वकीलही हसला. मी थांबले, त्यांचं होऊ दिलं.

"भीती वाटणाऱ्या बाईच्या शब्दावर आम्ही एवढा मोठा मार्ग अडवायचा?"

"छातीएवढ्या पाण्यात जिथे डोकं घालता आलं तिथलं लिहिलंय. पुढे नाही घालता आलं, तिथे काही लिहिलेलं नाही. नकाशात कोरं दिसतंय ते तेच. आमच्याकडे ज्याला भीती वाटते त्यानं कुठपर्यंत गेलो ते सांगायचं असतं. हे आम्ही यंदा शिकलो. जरा उशिरा शिकलो."

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी चष्मा काढून नकाशा जवळून पाहिला. निकाल असा: कोऱ्या ठिकाणांची बाहेरच्या पाणबुड्यांकडून तपासणी होईपर्यंत दक्षिणेला खणायचं नाही. जिंकलो असं नाही. पण खोदणारी यंत्रं धक्क्यावर उभी होती, ती आज तरी तिथेच उभी राहिली.

मला वाटलं होतं, घरी जाताना नवरा काही बोलेल. बोलला नाही. उंबरठा ओलांडला आणि बोलला.

"भर सभेत 'मला पाण्याची भीती वाटते' म्हणून सांगायची तुला काय गरज होती? माझ्यावर दया म्हणून?"

"दया? तुझ्यावर? तुझ्यावर मी इतकी संतापलेय की दयेला जागाच नाही! मला खरंच भीती वाटली! तू होतास ना तिथे, दंडावर नखं दाखव!"

"तुझी भीती ती भीती आणि माझी ती काय? नक्कल?"

"हो, केली नक्कल! चुकलं माझं! पण तू तोंड उघडलं असतंस तर..."

"काय तोंड उघडू? तुला काय माहीत खाली काय झालं? तुला काही माहीत नाही! विचारलंस कधी?"

ओरडला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. भांडी दणाणली. सासूबाई आतून म्हणाल्या, "आता कसं घरात माणसं असल्यासारखं वाटतंय," आणि आपलं दार लावून घेतलं.

मी विचारलं. त्याच आवाजात, ओरडूनच. "सांग ना मग! काय झालं?"

आणि तो सांगू लागला. सुरुवातीला ओरडत होता, मग ओरडणं कमी झालं, मग खाली जमिनीवर बसून सांगत होता. मी उभी होते तीही कधी बसले ते कळलं नाही. साखळी, गाळ, दिसेनासा झालेला स्वतःचा हात, सगळं. मधे एकदाही मी बोलले नाही. माझ्यासाठी हे बुडी मारण्याइतकंच अवघड होतं.

त्यानं काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. ते त्याचं आहे.

राग अजून आहे. उद्याही असेल. मामा माझ्याशी अजून सरळ बोलत नाहीत, साहेबांनी वर काय लिहिलंय कळत नाही, आणि उत्तरेचं गवत का गेलं याचा पत्ता नाही. त्याचा शोध घ्यायला हवा.

नवरा झोपायच्या आधी स्वयंपाकघरात गेला. उरलेलं काय काय होतं ते उभ्या उभ्याच खात होता. मी दिवा लावला नाही, हाकही मारली नाही.